बर्फ जिथं संपतो तिथं फुलं सुरू होतात : हिमालयात एकट्यानं जाणाऱ्यांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. मार्च संपत आला, सुट्ट्या टाकायच्यात, हिमालयात वसंत बघायचाय आणि तोही एकट्यानं. म्हणून सगळी पत्रं एकत्रच घेतलीयेत. बहुतेकांच्या मनात उत्तराखंडातलं चोपता-तुंगनाथ आहे, त्यामुळे मीही तिथलंच धरून बोलतेय.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, नाशिकला असते. सह्याद्रीत बरीच वर्षं फिरतेय, साल्हेर, हरिश्चंद्रगड, रतनगड वगैरे झालंय, त्यातले काही ट्रेक एकटीनंच केलेत. एप्रिलमध्ये चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला एकटीनं करायचं मनात आहे कारण बर्फ आणि बुरांश (तिथला ऱ्होडोडेंड्रॉन) दोन्ही एकदम दिसतात असं ऐकलंय. ग्रुपबरोबर गेलं की नुसतं पळवतात, फुलापाशी दोन मिनिटं थांबू देत नाहीत. घरचे नको म्हणतायत. जाऊ का? आणि तारीख कुठली धरू?

जा. फुलांसाठी जायचं असेल तर एकटीनं जाण्यासारखं सुख नाही हे मी मनापासून सांगतेय, कारण एखाद्या प्रिम्युलापाशी गुडघ्यावर बसून अर्धा तास काढायचा तर बरोबरचा माणूस कितीही चांगला असला तरी त्याचे पाय थंडीनं अवघडतात आणि तो निघूया म्हणतो. पण एक गोष्ट आधीच ठरवून जा की फुलांसाठी जायचंय का शिखरासाठी. एप्रिलमध्ये एकट्या माणसाला ही दोन्ही एकाच दिवशी मिळतीलच असं नाही, आणि तुमच्या पत्रावरून तर मला तुम्ही फुलांसाठी निघालाय असंच वाटतंय.

त्याचं असं आहे. चोपता साधारण २,७०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) हजारभर मीटर वर, तिथंच तुमची गाडी थांबते. तिथून साडेतीन-चार किलोमीटरची फरसबंद वाट तुंगनाथच्या देवळाशी जाते, ते ३,६८० मीटरच्या आसपास, पंचकेदारांपैकी, म्हणजे शंकराच्या पाच देवळांपैकी, सगळ्यात उंचावरचं. त्याच्यावर अजून दीडेक किलोमीटरवर चंद्रशिला, जवळपास ४,००० मीटर. आता खालच्या टप्प्यात, म्हणजे खालच्या उखीमठ गावापासून चोपत्यापर्यंत आणि थोडं वर, बांज आणि खरसू या ओकच्या जातींच्या जंगलात बुरांशची झाडं आहेत. झाडं बरं का, झुडपं नव्हेत, चांगली दहा मीटर वाढतात. खालच्या उंचीवर फुलं अगदी लाल भडक, आपल्याकडे फाल्गुनात पळस-पांगारा पेटतो ना तशीच, आणि जसजसं वर जाल तसा रंग उतरत गुलाबी होतो, कुठं कुठं पार पांढरट. खाली मार्चमध्ये बहर आणि वर एप्रिलमध्ये, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गेलात तर कुठल्या ना कुठल्या उंचीवर फुललेला बुरांश मिळतोच. तरी अलीकडे जानेवारी-फेब्रुवारीतच बुरांश फुलल्याच्या बातम्या येतायत, तेव्हा निघायच्या आधी चोपत्याच्या किंवा सारी गावातल्या राहायच्या ठिकाणी फोन करून विचारा, दोन गोष्टी विचारा, फूल कुठपर्यंत आलंय आणि बर्फ कुठपासून आहे. या दोन उत्तरांत तुमचा अख्खा प्लॅन ठरतो.

कारण वरची छोटी फुलं, ज्यांच्यासाठी खरं तर एवढं लांब जायचं, ती बर्फाच्या कडेलाच असतात. जांभळ्या गोल गेंदाचा प्रिम्युला डेंटिक्युलाटा, ओल्या ओघळात पांढरी कॅल्था, गवतात नखाएवढी निळी जेन्शन (ही ऊन गेलं की मिटते, त्यामुळे ढग आले की गायबच होते), अ‍ॅनिमोन, पिवळी पोटेंटिला. वर हवा कितीही थंड असली तरी जाड बर्फाच्या खाली जमिनीचं तापमान शून्याच्या आसपासच राहतं, तिथं ही रोपं हिवाळा काढतात, पुष्कळ जणांच्या कळ्या तर आदल्या मोसमातच तयार होऊन बसलेल्या असतात, बर्फ सरकला, पाणी मिळालं, ऊन लागलं की वर. म्हणून एकाच उतारावर तुम्हाला बर्फाला चिकटून नुकता फुटलेला कोंब, चार पावलांवर कळी, अजून दहा पावलांवर पूर्ण फुललेलं फूल असं सगळं एकदम बघायला मिळतं. आपल्या कासला सगळं पठार पावसानंतर एकदम रंगतं, इथं तसं नाही, इथं बहर बर्फाच्या मागे मागे हळूहळू वर चढत जातो. एप्रिलमध्ये तो खालच्या मोकळ्या कुरणांत, मेमध्ये देवळाच्या आसपास, जूनमध्ये त्याहून वर.

तर माझं म्हणणं इतकंच, की बर्फाची ही कडा जिथं असेल तीच त्या दिवसाची तुमची शेवटची जागा धरा. फुलंही तिथंच आहेत आणि एकट्या माणसाची सुरक्षित हद्दही तिथंच संपते. वाटेवर मध्ये मध्ये बर्फाचे पट्टे लागतील, सपाट असतील आणि आधीच्या लोकांची पावलं स्पष्ट दिसत असतील तर मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे धातूचे काटे) लावून ते ओलांडायला हरकत नाही. पण देवळाच्या वर चंद्रशिलेच्या चढावर आडवा तिरका बर्फ असेल आणि घसरलं तर खाली थांबायला काही नसेल, तर तिथं एकटीनं जाऊ नका. सह्याद्रीतला अनुभव इथं धाप आणि पायांपुरता कामाला येतो. घसरताना बर्फकुऱ्हाडीनं स्वतःला थांबवायचं हे शिकावंच लागतं, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हेच शिकवतेय आणि त्यांचा बेसिक कोर्स चार आठवड्यांचा असतो तो उगाच नाही. चंद्रशिला हवीच असेल तर त्या एका सकाळपुरता गावातला गाइड घ्या, त्याला आधीच सांगा की मला फुलांपाशी थांबत थांबत जायचंय. ते लोक याच कुरणांवर गुरं घेऊन वाढलेले असतात, तुम्ही एक फूल दाखवलंत तर ते तीन दाखवतात.

आणि देवळाचे दरवाजे एप्रिलमध्ये बहुतेक बंदच असतात हे लक्षात असू द्या. हिवाळाभर देवाचा मुक्काम खाली मक्कूमठला असतो, कपाट (तिथं देवळाच्या दारांना असंच म्हणतात) उघडायची तारीख दरवर्षी जाहीर होते, साधारण एप्रिलअखेर ते मेमध्ये. त्याआधी गेलात तर वाटेवरची चहाची दुकानंही बंद, पाण्याचे पाइप गोठलेले, म्हणजे पाणी-खाणं सगळं पाठीवर.

प्रश्न : सनराइजसाठी सगळे पहाटे तीन-चारला निघतात. मी एकटाच आहे, मी किती वाजता निघू? (पुणे)

उजाडल्यावर. सहाच्या सुमाराला, वाट डोळ्यांना नीट दिसेल तेव्हा.

हे जरा सविस्तर सांगते कारण वसंतातला बर्फ हा दिवसातून दोन-तीनदा बदलतो आणि आपल्या लोकांना त्याची सवय नसते. दिवसा ऊन लागून बर्फ वितळतो, ते पाणी फरशीवरून वाहतं, रात्री पारा शून्याखाली गेला की तेच पाणी फरशीवर काचेसारखं गोठतं. अंधारात हेडलॅम्पच्या उजेडात ती ओली फरशी वाटते आणि असते पक्का बर्फ. ग्रुपमध्ये कुणी आपटलं तर चार हात असतात उचलायला, एकट्याचा घोटा पहाटे चारला मुरगळला तर उजाडेपर्यंत दगडावर थंडीत बसून राहावं लागेल. म्हणून सूर्योदय खालच्या मोकळ्या कुरणातूनच बघा, चौखंबा शिखर (७,१३८ मीटर) तिथूनही समोर उजळतं आणि ते बघायला चार हजार मीटरवर उभंच राहायला पाहिजे असं काही नाही.

सकाळी आठ ते अकरा ही चांगली वेळ, बर्फ टणक असतो, वजन पेलतो, स्पाइक्स चावतात. अकरा-बारानंतर तो भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो, आणि मोठ्या दगडाच्या किंवा झुडपाच्या अगदी जवळ तर तो खालून पोकळ असतो, कारण दगड तापतो आणि भोवतीचा बर्फ आतून वितळवतो, तेव्हा दगडाला धरून चालावंसं वाटलं तरी दोन हात लांबून चाला. ओढ्यावर बर्फाचा पूल असेल आणि खालून पाण्याचा आवाज येत असेल तर त्याच्यावर पाय ठेवू नका, कुणाची पावलं दिसत असली तरी, ती पावलं सकाळची असतात. दुपारच्या उन्हात तीव्र उतारावरचा ओला बर्फ अख्खाच्या अख्खा घसरू शकतो, अशा उताराच्या खाली डबा खायला बसू नका.

आणि दुपारी ढग. एप्रिल-मेमध्ये सकाळ निळीशार आणि दोनला गारा असं अगदी नेहमीचं आहे, वर कड्यावर वीजही पडते. तुमचं परत फिरायचं घड्याळ अकराचं लावा, आणि अकराला जिथं असाल तिथून फिरा. पहिले तीन तास फुलं बघत चढलात तर तसंही पोट भरलेलं असतं.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची, बेंगळुरूला नोकरीला आहे, ती तुंगनाथला एकटी जाणार म्हणतेय. नाही म्हटलं तर न सांगता जाईल अशी भीती वाटते. तिला काय सांगू? (कोल्हापूर)

काकू, तुमची भीती मला कळतेय, आणि न सांगता जाईल हीच खरी काळजीची गोष्ट आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंय. म्हणून तिला जा म्हणा, आणि त्याबदल्यात तिच्याकडून एक कागद मागा. त्यावर चार गोष्टी हव्यात : कुठं राहणार आणि तिथल्या माणसाचा नंबर, कुठल्या दिवशी कुठल्या वाटेनं जाणार, किती वाजता परत फिरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तुम्ही काळजी करायला लागायचं. ही शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची. चोपत्यात नेटवर्क येतं-जातं, तेव्हा दुपारी एकला फोन लागला नाही म्हणून घाबरू नका, पण समजा पाच ठरलंय आणि पाच वाजून गेले, तर आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करा, तिथं पत्ता नसेल तर लगेच ११२ या आपत्कालीन नंबरवर, राज्यात आपत्ती प्रतिसाद दल आहे, त्यांच्यापर्यंत ते पोचवतात. डोंगरात अंधार पडायच्या आधीचे दोन तास फार मोलाचे असतात, ते 'बघूया थोडा वेळ' म्हणण्यात घालवायचे नाहीत.

तिला हेही सांगा की निघताना मुक्कामाच्या माणसाला आणि परत आल्यावरही त्याला सांगायचं. एकटं जाणं म्हणजे कुणालाच माहीत नसताना जाणं नव्हे.

आणि ग्रुपबरोबर गेली की सगळं सुरक्षित, असंही धरून चालू नका. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातच सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांचा मोठा ग्रुप बर्फाच्या वादळात अडकला आणि त्यातले ९ जण गेले. ती माणसं हौशी होती, बरोबर गाइड होते. मला त्या बातमीचं आजही वाईट वाटतं. हवामान बिघडल्यावर किती लवकर मागे फिरलं यावर पुढचं सगळं ठरतं, आणि एकटं माणूस निदान कुणाला न विचारता मागे फिरू शकतं, मुलीला हे जरूर सांगा, तिला ते पटेल.

जंगलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगते, हा केदारनाथ अभयारण्याचा भाग आहे, काळं अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत. पहाटे-संध्याकाळी जंगलाच्या आडवाटा नकोत, मुख्य वाट सोडायची नाही, आणि कानात इयरफोन घालून चालायचं नाही. तसंही कान उघडे ठेवले तर मोनाल पक्ष्याची शीळ ऐकू येते, दगडांच्या फटीत पिका दिसतो, उंदीर आणि सशाच्या मधला तो गोलमटोल प्राणी, तुंगनाथच्या आसपास पुष्कळ आहेत.

प्रश्न : तिथून बुरांशचं किंवा प्रिम्युलाचं रोप आणून टेरेसवर लावता येईल का? फुलं सुकवून वहीत ठेवायची पण आवड आहे. (ठाणे)

नको, आणि दोन्हीला नको. अभयारण्यातून रोप, फूल, बी काहीही उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि समजा आणलंच तरी ठाण्याच्या मे महिन्यात प्रिम्युला आठवडाभरही टिकायचा नाही, त्याला हिवाळाभर बर्फाखाली झोप लागते, ती तुम्ही कुठून देणार. वर फुलाला वेळ किती थोडा मिळतो बघा, बर्फ गेल्यापासून पुन्हा पडेपर्यंत जे काही महिने असतील त्यातच फुलायचं, कीटक बोलवायचे, बी धरायचं. एक फूल खुडलं की त्याचं अख्खं वर्ष गेलं. फोटो काढा, स्केच करा. गढवाल विद्यापीठाच्या उंचावरच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या केंद्राचं एक ठाणं तुंगनाथलाच आहे, तिथली माणसं वर्षानुवर्षं याच रोपांच्या मागे आहेत, वाटेत कुणी भेटलं तर जरूर बोला.

बुरांशची आठवण हवीच असेल तर त्याचं सरबत आणा. गावातल्या बायका पाकळ्यांचा रस काढून बाटल्या भरतात, उखीमठच्या बाजारात मिळतो, तो त्यांच्याकडूनच घ्या. मात्र स्वतः झाडाखाली उभं राहून पाकळ्या खायच्या नाहीत, कारण ऱ्होडोडेंड्रॉनच्या काही जाती विषारी असतात आणि वर फिकट जांभळ्या फुलांचं जे ठेंगणं झुडूप दिसतं ते लाल बुरांश नव्हे.

अजून एक, तुम्हाला फुलांची आवड आहे म्हणून. मार्चच्या मध्यात, चैत्र संक्रांतीला गेलात तर गढवालमध्ये फूलदेईचा सण असतो, पोरंसोरं पहाटे उठून फ्यूंलीची पिवळी फुलं, बुरांश, जे मिळेल ते टोपलीत गोळा करतात आणि गाणी म्हणत घराघराच्या उंबऱ्यावर टाकत जातात, मग घरातले त्यांना गूळ-तांदूळ देतात. ती फुलं गावाच्या बांधावरची असतात, त्यांच्या हक्काची. तो दिवस गावात राहून बघा, मला तर वाटतं वर न जाता तेवढं बघितलं तरी वसंत बघितल्यासारखं होतं.

प्रश्न : मला सुट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यातच मिळते. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलो तर बर्फ आणि फुलं दोन्ही मिळतील ना? (नागपूर)

दोन्ही मिळतील, पण कॅलेंडरवरच्या फोटोतली ती व्हॅली मिळणार नाही. दरवर्षी १ जूनला ती उघडते, तेव्हा ओढ्यांत बर्फाच्या जिभा उतरलेल्या असतात आणि फुलं म्हणजे बर्फाच्या कडेची ठेंगणी, सुरुवातीची. कमरेएवढ्या फुलांचा तो प्रसिद्ध बहर पावसाळ्यातला, जुलै मध्य ते ऑगस्ट. मला स्वतःला जूनची व्हॅली जास्त आवडते कारण गर्दी नसते आणि प्रत्येक फूल वेगळं दिसतं, पण तुमची अपेक्षा बहराची असेल तर निराश व्हाल, तेव्हा ठरवून जा. आत मुक्काम करता येत नाही, सकाळी जवळच्या घांघरिया गावाहून गेटवर तिकीट काढून जायचं आणि त्याच दिवशी परत. एकट्यासाठी हे चांगलंच आहे, तुमची नोंद राहते. पुढे बर्फाचा पट्टा कसा आहे ते गेटवरच्या माणसाला विचारा आणि तो जिथपर्यंत म्हणेल तिथपर्यंतच जा.

तिथं आत एक कबर आहे, जोन मार्गारेट लेग या वनस्पती-अभ्यासक बाईंची. १९३९ मध्ये फुलं गोळा करताना उतारावरून पाय घसरून त्या गेल्या. बहिणीनं नंतर तिथं येऊन दगड बसवला. फुलाकडे बघत असताना पायाकडे लक्ष राहत नाही हे अगदी खरं आहे, म्हणून एक सवय लावून घ्या, आधी थांबायचं, दोन्ही पाय पक्के करायचे, मग फुलाकडे बघायचं. चालता चालता कॅमेरा डोळ्याला नको.

प्रश्न : उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेऊन जाऊ का? बाकी सामान काय? (सोलापूर)

गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर खास सांगा. पण गोळीपेक्षा एक दिवस जास्त द्या. लोक ऋषिकेशहून पहाटे निघून संध्याकाळी चोपत्याला पोचतात आणि दुसऱ्या सकाळी चार हजार मीटरवर, हे शरीराला फार झालं. त्यापेक्षा पहिली रात्र उखीमठला किंवा सारीला काढा, दुसऱ्या दिवशी सारीहून देवरियाताल करून या, साधारण २,४०० मीटरवर आहे, वाटेत बुरांशचं जंगल आणि तळ्यात चौखंबाचं प्रतिबिंब, आणि मग चोपता. डोकं दुखतंय, मळमळतंय, तोल जातोय असं झालं तर वर जायचं नाही, वाढत असेल तर खाली उतरायचं, त्याला दुसरा उपाय नाही. एकट्यानं तर पहिल्याच डोकेदुखीला थांबा कारण तुमचं वागणं बदललंय हे सांगायला बरोबर कुणी नसतं.

सामानात घोट्यावर येणारे वॉटरप्रूफ बूट, मायक्रोस्पाइक्स, गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचे), दोन पोल, पाऊस-गारांसाठी जॅकेट, कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून, हेडलॅम्प, शिटी, पॉवरबँक आतल्या खिशात कारण थंडीत चार्जिंग पटकन उतरतं. आणि गॉगल विसरू नका, चांगला, बाजूनं झाकणारा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, ती खालून येतात, त्यामुळे टोपी असूनही डोळे भाजतात आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीसुद्धा लावा.

जायचं कसं हेही दोघांनी विचारलंय. हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटेची बस किंवा शेअर जीप धरून रुद्रप्रयाग, तिथून जीप बदलून उखीमठ. दुपारनंतर गाड्या कमी होत जातात म्हणून पहाटेचंच बघा. चारधाम यात्रा सुरू व्हायच्या आधी गेलात तर रस्ता मोकळा मिळतो, उखीमठच्या पुढे सारीसाठी किंवा चोपत्यासाठी मात्र वेगळी जीप ठरवावी लागू शकते, स्टँडवर इतर जाणारे आहेत का बघा, भाडं वाटून घेता येतं.